गावात कबड्डीचा संघ उभा करताना: पहिल्या हाकेपासून पहिल्या सामन्यापर्यंत

दहावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यातली पोरं चार वाटांनी पांगतात. कुणी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, शहरात जातो, कुणी आयटीआयला, कुणी उद्यमबाग नाहीतर मच्छेच्या फाउंड्रीत, तर कुणी थेट गोव्याला. दहा वर्षं एका पंगतीत शाळेचं जेवण जेवलेली पोरं सहा महिन्यांत एकमेकांना बसस्टॉपवर नुसती मान हलवून ओळख देऊ लागतात. मराठी शाळेतून गेलेल्या पोराची तर आणखी एक पंचाईत होते. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, ऑफिसातला कारभार कन्नडमध्ये, आणि हा कालपर्यंत वर्गात पहिला हात वर करणारा आता शेवटच्या बाकावर गप्प बसलेला. मी तसाच बसलो होतो. पहिलं वर्ष जवळजवळ न बोलता काढलं.

मला त्यातून बाहेर काढलं ते एका संध्याकाळच्या हाकेनं. संघातला उजव्या कोपऱ्यावरचा पोरगा गोव्याला कामाला गेला होता, जागा रिकामी होती. आमच्या गल्लीतला एक दादा दारात येऊन म्हणाला, "काय करूलालास? चल, कोपरा धर." मला कबड्डी धड येत नव्हती, तरी मी गेलो. दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता आपली कुणीतरी वाट बघत असणार, एवढ्या एका विचारानं दिवसभर बरं वाटलं होतं, हे मला अजून आठवतं.

त्यानंतर संघ चालवायची वेळ माझ्यावर आली. त्यात जे जमलं आणि जे चुकलं ते इथं क्रमानं लिहितो. आपल्या भागातले बरेचसे संघ उलट्या बाजूनं सुरू होतात. आधी जर्सी छापतात, मग जत्रेतल्या स्पर्धेची प्रवेश फी भरतात, मग खेळाडू गोळा करतात, आणि पहिल्याच पराभवानंतर भांडून मोडतात. आधी माणसं, मग वेळ, मग मैदान, मग खेळ आणि सगळ्यात शेवटी स्पर्धा, या क्रमानं गेलात तर संघ टिकतो.

खेळ कोणता घ्यावा

बेळगावात खेळांची वानवा नाही. लेले मैदानावर फुटबॉल आहे, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या होतात, टेनिस बॉलचं क्रिकेट तर प्रत्येक गावात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय हॉकी संघातले बंडू पाटील बेळगावचेच. तुमच्या गावात ज्या खेळाची मुळं आहेत तोच धरा. तरीही मी कबड्डी सुचवतो. एक तर साहित्य लागत नाही, त्यामुळे कुणाच्या बापाच्या खिशावरून कुणाची जागा ठरत नाही. क्रिकेटमध्ये बॅट ज्याची, त्याची पहिली बॅटिंग, हे लहानपणापासून आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे.

दुसरं कारण या खेळाच्या नियमातच आहे. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि आपल्या साथीदारानं समोरचा गडी बाद केला की परत आत येतो, ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं. म्हणजे तुम्ही कितीही चांगले असा, बाहेर बसल्यावर तुम्हाला उठवणारा दुसराच कुणी असतो. कधीकधी तो संघातला सगळ्यात कच्चा पोरगाही असतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे अंगावर अनुभवायला मिळावं असं मला फार वाटतं.

आठ दिवस नुसतं गावात फिरा

वही घ्या आणि संध्याकाळी पाच ते आठ गावात फिरा. कोण कुठं बसतं ते टिपा. देवळाच्या कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसलेले चौघे, पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी म्हणून एकटेच पळणारे, शहरातून संध्याकाळच्या बसनं उतरून खाली मान घालून घरी जाणारे, किराणा दुकानात बापाच्या जागी बसणारा एखादा. इमारतीच्या किंवा वीटभट्टीच्या कामावर आलेल्या कुटुंबांतली पोरंही लिहा. त्यांना गावात नावानं हाक मारणारं कुणी नसतं.

बेळगावची असाल तर एक सोपी वाट आहे. दिवाळीत कोणत्या गल्लीत कोणत्या पोरांनी किल्ला केला होता ते आठवा. माती कुणी आणली, बुरूज कुणी लिंपले, रात्रभर राखण कुणी केली, हे त्या पोरांना पाठ असतं. आठवडाभर चिखलात एकत्र राबलेली ती टोळी म्हणजे अर्धा तयार संघ. तिथून पाच-सहाजण मिळतात.

एकूण १४ ते १६ पोरं जमवा. सामन्यात एका बाजूला ७ खेळतात, पण सरावाला दोन बाजू लागतात, आणि रोज तिघे-चौघे कामामुळे येणार नाहीत हे धरूनच चालायचं. वय १५ ते २० ठेवा. त्याहून लहानांची सोय वेगळी, ती पुढे सांगतो.

आता बोलावणं. "ये की कधीतरी खेळायला" असं म्हटलं तर कुणी येत नाही. मोबाइलवर मेसेज टाकला तर अंगठा येतो, माणूस येत नाही. घरी जा, आई-वडिलांसमोर बोला आणि त्या पोराला काम द्या. "उद्या साडेपाचला फक्की घेऊन ये, रेषा मारायच्या आहेत." "तुझ्याकडं घमेलं आहे न्हवं? घेऊन ये." काम दिलेला पोरगा येतो, कारण तो आला नाही तर सगळ्यांचं अडतं. लाजऱ्या पोराला तर याचा फार आधार होतो. तिथं उभं राहण्यासाठी त्याच्याकडे एक कारण असतं.

गावातल्या सगळ्या वाड्या आणि सगळ्या आळ्यांतून पोरं घ्या. हे पहिल्याच दिवशी केलं नाही तर नंतर होत नाही. संघ एका आळीचा, एका भावकीचा झाला की दुसऱ्या आळीतलं पोरगं आपण होऊन येत नाही, आणि मग आपण म्हणतो, "त्यांना आवड नाही."

वेळ ठरवताना सुगीला विचारा

पश्चिम भागात जून ते सप्टेंबर पाऊस उघडीप देत नाही, जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका. भातकापणी आणि मळणीत घरातला प्रत्येक हात लागतो. मार्चमध्ये परीक्षा, पुढे जत्रा आणि लग्नं. त्यामुळे नवा संघ सुरू करायला भाताची सुगी आटोपल्यानंतरचा, साधारण डिसेंबरचा सुरुवातीचा काळ उत्तम. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोड आणि तंबाखूचं काम बघून वेळ बदलावी लागते, ते तिथल्या लोकांनी ठरवावं.

आठवड्यातून चारच दिवस सराव ठेवा, सव्वा तास. रोज ठेवला की पंधरा दिवसांत गळती लागते. सुरुवात ठरल्या मिनिटाला करा, दोघेच आले असले तरी. उशिरा येणाऱ्याला शिक्षा नको, पण त्याच्यासाठी थांबायचंही नाही. संध्याकाळी पावणेसहा ही वेळ आम्हाला जमली, कारण शहरातली बस तोवर येते.

मैदान

जागा तीन ठिकाणी मिळू शकते. शाळेचं पटांगण हवं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळेची एसडीएमसी, म्हणजे शाळेची देखरेख समिती, दोघांनाही भेटा. गावठाण किंवा गायरान असेल तर ग्रामपंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्या. कुणाचं शेत असेल तर मालकाशी तारखेनिशी बोला. भात निघालं म्हणजे शेत रिकामं झालं असं समजू नका. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या रानात भातामागून मसूर, वाटाणा पेरतात. अर्ज कन्नडमध्ये लिहा आणि सोबत मराठी प्रत जोडा. आमच्यात कन्नड सफाईनं लिहिणारा एकच पोरगा होता, घरी कन्नड बोलणारा. तोवर तो बाजूला उभा असायचा. अर्ज त्यानं लिहिला, पीडीओंशी तोच बोलला, आणि त्या दिवसापासून संघातल्या कुठल्याही कामासाठी पहिलं नाव त्याचं निघू लागलं.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, महिलांचं १२ बाय ८. रुंदीत दोन्ही बाजूंना १-१ मीटरचं राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी, धरलेली असते. पुरुषांसाठी मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे बॉक लाइन, आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा येते. महिलांच्या मैदानात निदान रेषा ३ मीटरवर असते. मैदानाभोवती चारही बाजूंनी तीन-चार मीटर मोकळी जागा सोडा. खेळाडू रेषेवर थांबत नाही, भिंतीवर आपटतो.

चौकोन काटकोनात बसवणं हे लोक डोळ्यांनी करतात आणि मैदान तिरकं होतं. सुती दोरी घ्या. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका रेषेवर ३ मीटर, दुसऱ्या रेषेवर ४ मीटर मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर भरलं की कोपरा काटकोनात आहे. चारही खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजा. १३ बाय १० च्या मैदानाचा कर्ण १६.४० मीटर भरतो, १२ बाय ८ चा १४.४२. दोन्ही कर्ण सारखे आले की फक्की मारायला हरकत नाही.

मातीवर वेळ खर्च करा. आमच्याकडच्या तांबड्या मातीत जांभ्याचे बारीक खडे असतात, ते गुडघा सोलून काढतात. वीतभर माती कुदळीनं उकरा, ढेकळं फोडा, चाळणीनं चाळा. खडे वेचायला सगळ्यांना एका ओळीत बसवा. आमचे दोन रविवार त्यातच गेले, आणि त्या दोन रविवारी पोरं जितकं बोलली तितकं पुढच्या महिनाभरात बोलली नाहीत. हात कामात आणि नजर खाली असली की पोरगं मोकळं बोलतं. चाळलेल्या मातीत लाकडाचा भुसा मिसळला तर ती मऊ राहते. काळ्या रानात मैदान असेल तर वरून चार बोटं चाळलेली तांबडी माती पसरा, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडून पाय मुरगळतो. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी शिंपडा, सकाळी फळी फिरवा.

पहिला महिना सामना नको

पहिल्या चार आठवड्यांत गुण मोजायचेच नाहीत. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

पहिला आठवडा पडायला शिकण्याचा. खांद्यावरून लोळण, कुल्ल्यावर पडणं, उताणं पडताना हनुवटी छातीशी. हात टेकून पडणाऱ्याचं मनगट जातं, हे दहा वेळा सांगा. सोबत बैठका, सूर्यनमस्कार आणि मैदानाच्या रुंदीत धावणं.

दुसऱ्या आठवड्यात साखळी. बचाव करणारे हात धरून उभे राहतात, कोपऱ्यावरचा आणि त्याच्या शेजारचा ‘इन’ ही एक जोडी, मधले ‘कव्हर’ एकेका बाजूला. जोड्या तुम्ही लावा, त्यांना निवडू देऊ नका. मित्र मित्रालाच धरतो. कट्ट्यावरचा आणि भरतीवाला, या आळीतला आणि त्या आळीतला, असा मेळ घाला आणि जोडी महिनाभर बदलू नका. चढाई करणारा आला की एकानं पुढे जायचं आणि दुसऱ्यानं मागे खेचायचं, किंवा दोघांनी एकदम झेपावायचं, हे नुसत्या हाताच्या दाबावरून कळायला हवं. हात घट्ट दाबला की थांब, सैल सोडला की जा, अशी खूण प्रत्येक जोडी स्वतः ठरवते. आमच्या एका जोडीनं पंधरा दिवसांत इतकी खूण बसवली की दोघे बसमध्येही शेजारीशेजारीच बसू लागले. त्याआधी त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पकडी: घोट्याची पकड, मांडीची पकड, ब्लॉक, आणि चढाईवाल्याला रेषेबाहेर लोटणारा डॅश. अर्ध्या वेगानं, आधी एकास एक. चौथ्या आठवड्यात चढाई. चढाई ३० सेकंदांची असते, तेवढा वेळ "कबड्डी कबड्डी" हा दम स्पष्ट ऐकू आला पाहिजे. सगळ्यांना चढाईला पाठवा, अगदी ज्याला भीती वाटते त्यालाही. समोर सहा किंवा सात खेळाडू असताना बोनस रेषा ओलांडण्याचा गुण मिळतो. भित्र्या पण चपळ पोराला तो पहिल्यांदा शिकवा. कुणाला न भिडता त्याला गुण मिळतो आणि त्याचं नाव वहीत चढतं.

मैदानावरची भाषा आधीच ठरवा. आमच्यात मराठी पोरं "धर!" ओरडायची, कन्नड पोरं "हिडी!" ओरडायची आणि घाईत दोघांचं एकमेकांना कळायचं नाही. शेवटी धरायला ‘हिडी’ आणि मागे यायला ‘मागं’ असे दोन शब्द पक्के केले. आजही मराठी पोरगं घरी कोंबडी पकडताना "हिडी, हिडी" करतं. सीमाप्रश्न आमच्या घराघरात आहे, आजोबांपासून आहे, आणि त्याबद्दल पोरांच्या मनात जे आहे ते मला पुसायचं नाही. पण मैदानावर भाषेवरून कुणाला डिवचलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबतो, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी सांगितला आणि दोनदा पाळूनही दाखवला.

तसाच दुसरा नियम पाण्याचा. एकच कळशी, एकच तांब्या, सगळे त्यातूनच पिणार. कुणी घरून वेगळी बाटली आणू लागला तर कारण विचारा, चौघांत नको, एकट्याला घेऊन. आणि आडनावानं हाक मारायची नाही, नावानंच मारायची.

मैदानाबाहेरचा एक तास

संघाची खरी बांधणी सराव संपल्यानंतर होते, म्हणून त्याची सोय मुद्दाम करावी लागते. रविवारी सरावानंतर अर्धा तास बसून भडंग खा. कांदा एकानं चिरायचा, शेंगदाणे एकानं आणायचे. हिशेबाची वही, मातीवर पाणी मारणं, प्रथमोपचाराची पेटी, वेळ लावणं ही कामं पाळीपाळीनं द्या. कप्तानपद पहिले तीन महिने दर आठवड्याला फिरतं ठेवा. वर्गणी जमेल तेवढीच, महिन्याला वीस-तीस रुपये, आणि ज्याला जमत नाही त्याचं नाव फक्त वहीवाल्याला ठाऊक.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे गैरहजेरी. कुणी लागोपाठ दोन सराव आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याचा जोडीदार आणि आणखी एकजण त्याच्या घरी जातात. फोन नाही. आमचा एक पोरगा असाच पाच दिवस दिसला नाही. पोरं म्हणाली, कंटाळला असेल. घरी गेलो तेव्हा कळलं की त्यानं कॉलेज सोडलं होतं, फाउंड्रीत दुपारच्या शिफ्टला लागला होता, आणि हे आम्हाला सांगायची त्याला लाज वाटत होती. आठवड्यातले दोन सराव आम्ही सकाळी सहाला घेतले. त्याच्यासाठी वेळ बदलली हे कळल्यावर तो काही बोलला नाही, पण पुढच्या रविवारी दोन किलो भडंग घेऊन आला.

काही गोष्टी जोडीदाराच्या आवाक्याबाहेरच्या असतात. पोरगं जेवत नाही, झोपत नाही, "माझ्यात काही राम नाही" असं वारंवार बोलतं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या जाणत्या माणसाला सांगा, आणि १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी मोफत क्रमांक त्याच्याजवळ बसून लावून द्या.

मुलींचा संघ पुढच्या वर्षावर ढकलू नका

पोरांचं बस्तान बसलं की मुलींचं बघू, असं सगळेच म्हणतात आणि ते वर्ष कधी येत नाही. दोन्ही एकदम सुरू करा. मुलींना कबड्डी आवडली तर कबड्डी, पण बहुतेक मराठी शाळांत खो-खो खेळलेल्या मुली असतात, तिथून सुरुवात सोपी जाते. मैदान २७ बाय १६ मीटर, दोन टोकांना १.२० ते १.२५ मीटर उंचीचे खांब, मैदानात ९ खेळाडू आणि ९ मिनिटांची पाळी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कप्तान होती प्रियांका इंगळे, आणि पुरुषांचा कप्तान प्रतीक वाईकर. घरच्यांशी बोलताना ही नावं उपयोगी पडतात, पण त्याहून जास्त उपयोगी पडते ती वेळ. दिवेलागणीच्या आत मुली घरी पोचल्या पाहिजेत, म्हणून साडेचारला सुरू करा. मैदानावर गावातली एक जाणती बाई रोज हवी: अंगणवाडीच्या ताई, शिक्षिका, कुणाची तरी वहिनी. एकट्या पुरुष प्रशिक्षकाच्या भरवशावर मुलींचा सराव ठेवू नका, तो कितीही सज्जन असला तरी. कपडे बदलायला शाळेची एक खोली आणि जवळ चालू शौचालय नसेल तर आधी त्याची सोय करा. पहिल्या आठवड्यात आयांना बघायला बोलवा. आमच्या गावात तिसऱ्या दिवशी दोन आया पदर खोचून स्वतःच खो द्यायला बसल्या होत्या, त्यानंतर कुणाच्या घरून अडवणूक झाली नाही.

दुखापत

सरावाआधी नखं बघा, कडं, अंगठी, करगोटा काढून ठेवायला लावा, अंगाला तेल चालत नाही. मातीत खेळणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आरोग्य केंद्रात विचारून घ्या. पाय मुरगळला तर खेळ थांबवा, फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंचावर ठेवा. पहिल्या दिवशी चोळणं आणि ओढून बसवणं नको. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा पोरगं असंबद्ध बोलू लागलं, तर १०८ ला फोन करून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दुखापत झालेल्यानंही बरं होईपर्यंत मैदानावर यायचं, गुण लिहायला. तो घरी बसला की तुटतो.

सामने

दोन-अडीच महिन्यांनी शेजारच्या गावाशी मैत्रीपूर्ण सामना ठरवा. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं विश्रांती, महिलांचा १५ मिनिटांचे दोन डाव. पहिल्या तीन सामन्यांत हजर असलेल्या प्रत्येकाला खेळवायचंच, हा नियम आधी जाहीर करा. पाहुण्या संघाला जेवण घाला आणि जेवायला दोन्ही संघ मिसळून बसवा.

पुढची पायरी म्हणजे दसरा क्रीडा स्पर्धा. कर्नाटकचं युवजन सबलीकरण आणि क्रीडा खातं त्या घेतं: तालुका, जिल्हा, विभाग आणि शेवटी म्हैसूर. तालुक्याची फेरी साधारण दसऱ्याच्या महिनाभर आधी, पावसात असते, म्हणून जून-जुलैमध्ये देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात व्यायाम चालू ठेवा. आधार आणि वयाच्या दाखल्याच्या झेरॉक्स एका पिशवीत तयार असू द्यात, आणि तारीख तालुका क्रीडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

जत्रेतल्या आणि शिवजयंतीच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धांना दुसऱ्या वर्षी जा. तिथं पैजा लागतात, जिंकल्यावर ओली पार्टी होते, निवडणूक जवळ असेल तर कुणीतरी नेता स्वतःचा फोटो छापलेल्या जर्सी घेऊन येतो. जर्सी घेऊ नका. एकदा घेतली की प्रचाराच्या मिरवणुकीत पोरं मागितली जातात, आणि मग दुसऱ्या पक्षाच्या घरातलं पोरगं संघात येत नाही.

बाहेरचे खेळाडू आणणं याहून वाईट, आणि ते मी केलंय. दुसऱ्या वर्षीच्या जत्रेत बक्षीस चांगलं होतं म्हणून मी पैसे देऊन दोन तयार खेळाडू आणले. आम्ही दोन सामने जिंकलो, तिसरा हरलो. ज्या दोघांच्या जागी ते खेळले ती पोरं डिसेंबरपासून एक दिवस न चुकता आली होती. सामने चालू असताना दोघे रेषेबाहेर पाण्याची कळशी घेऊन बसले होते. रात्री टेम्पोतून परतताना एकानं मला विचारलं, "दादा, आमी कशाला होतो मग?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून दोघेही आले नाहीत. आमचाच नियम होता, तिसऱ्या दिवशी घरी जायचं. मी गेलो नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि महिने निघून गेले.

पोरं जाणारच, त्याची तयारी

वीस-एकविसाव्या वर्षी पोरं पुण्याला, गोव्याला, सैन्यात जातात. एका भरतीत तिघे एकदम गेले की संघ कोसळतो. म्हणून पहिल्याच वर्षी १२ ते १५ वयाचा दुसरा गट सुरू करा, शनिवारी आणि रविवारी सकाळी. त्यांना मोठ्या पोरांनीच शिकवायचं. गेलेल्यांची नावं वहीत तशीच ठेवा, आणि गावच्या जत्रेला सगळे परत येतात तेव्हा आजी विरुद्ध माजी असा एक सामना दरवर्षी लावा.

लहान गट सुरू करताना मला पंच हवा होता, नियम येणारा आणि लहानांशी सबुरीनं वागणारा. माझ्यासमोर एकच नाव होतं. दीड वर्षानं मी त्या पोराच्या घरी गेलो, ज्यानं टेम्पोत मला तो प्रश्न विचारला होता. आधी माफी मागितली. मग म्हणालो, शनिवारी सकाळी सातला शिट्टी धरायला माणूस नाही. त्यानं हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. शनिवारी पावणेसातला मी मैदानावर पोचलो तेव्हा तो फक्कीची पिशवी घेऊन आधीच आला होता आणि दोन लहान पोरांना कर्ण मोजायला लावत होता.